कागदावर किती, जागेवर किती

ती सनई मला अजून ऐकू येते. दहिवलीतल्या आमच्या गल्लीत भाजीवालीची हाक दूर गेली, अंगणात शिंपडलेल्या पाण्याचा ओला, मातकट वास उठू लागला, की समोरच्या घराच्या उघड्या खिडकीतून ती निघे. हळूहळू चढे, वरच्या सुराआधीचा श्वास घेई आणि तिथेच तुटे. क्षणभर शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून तोच चढ, तोच श्वास, तोच तुटका काठ.

मी आयुष्यभर कविता शिकवली आहे. यतीच्या जागी थांबलेली ओळ मला सोसते, आवडतेही. पण यतीच्या आधीच कुणी ओळ मोडली तर भाताच्या घासात खडा लागावा तसे होते. काही दिवस मी तो खडा चावला. मग एका सकाळी पदर खोचला, रस्ता ओलांडला आणि समोरची कडी वाजवली.

दार उघडणारे गृहस्थ उंच आणि सडपातळ होते. उन्हाने रापून कातडी जुन्या तांब्याच्या रंगाची झालेली. कानावर पेन्सिल. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी विचारले, "आपण लगतधारक?"

"मी समोर राहते," मी म्हणाले. "ती सनई..."

"समोर, म्हणजे लगतधारकच. दक्षिणेकडच्या. या, या. बरं झालं आलात. पंच एकच होता."

आत टेबलावर संगणक होता, त्याच्यापुढे ओळीने खुर्च्या मांडलेल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीत घामाने डबडबलेला एक टायरवाला बसला होता. सनई त्याच्या मुलीच्या लग्नातली होती. लग्नाचा व्हिडिओ मंगलाष्टकांच्या आधीच संपत होता. त्याचा उरलेला भाग त्या सकाळी सापडला होता, आणि सापडलेला व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत, मालकाने आणि लगतधारकांनी, एका बैठकीत बघायचा, असा त्या घराचा नियम होता. तक्रार करायला गेलेली मी, त्या अनोळखी मुलीची पाठवणी होईपर्यंत तिथे बसले, डोळे पुसले आणि दुपारी घरी येऊन शिळी पोळी खाल्ली. तक्रार सांगायची राहूनच गेली.

हे श्रीरंग ठोंबरे. गल्लीचे अण्णा. नोकरीत असताना ते भूकरमापक होते, म्हणजे खालापूर तालुक्यातल्या शेतांच्या कडेने साखळी ओढत जाणारे आणि कुणाचा बांध कुठे संपतो ते ठरवणारे सरकारी गृहस्थ. साखळी जाऊन तिपाईवरची यंत्रे आली, अण्णा निवृत्त झाले, पण भाषा त्यांच्याबरोबर घरी आली. ज्याची जमीन आपल्या जमिनीला लागून आहे तो लगतधारक. मोजणीच्या वेळी तो हजर हवा, म्हणजे मागाहून कुणी कुणाच्या डोक्यात फावडे घालत नाही. हाच न्याय अण्णांनी लग्नाच्या, बारशाच्या, सत्यनारायणाच्या व्हिडिओंना लावला होता.

कुणी पेन ड्राइव्ह घेऊन दारात आला की पहिला प्रश्न ठरलेला असे. "कागदावर किती, जागेवर किती?" म्हणजे कार्यक्रम किती वेळ चालला आणि व्हिडिओ किती वेळ चालतो. समोरचा सांगे, दोन तासांची पूजा, आणि गणपतीला दूर्वा वाहतानाच पडदा काळा. अण्णांच्या चेहऱ्यावर आनंद पसरे. हात चोळत ते म्हणत, "क्षेत्र कमी भरतंय. हरकत नाही. जमीन कुठे जात नाही."

बहुतेक वेळा खरेच जात नसे. मोठ्या चित्रणाचे कॅमेरा स्वतःच तुकडे पाडतो आणि माणसे पहिलाच तुकडा उचलून आणतात. अण्णा त्याला पोटहिस्सा म्हणत. "तुम्ही सातबाऱ्याचा पहिलाच हिस्सा आणलात, बाकीचे भाऊ घरीच आहेत. जा, घेऊन या." कधी पेन ड्राइव्ह भरत असतानाच कुणी घाईने उपटलेला असे. कधी फोनवरून फोनवर पाठवताना अॅपनेच कात्री लावलेली असे. तेव्हा अण्णा "मूळ उतारा आणा" म्हणून माणसाला दारातूनच परत पाठवत. माझ्या नणंदेला त्यांनी असे दोनदा परत पाठवले. ती अजून त्यांचे नाव काढत नाही.

त्यांची हारही मी पाहिली आहे. एका केटररने भाच्याची अख्खी हळद फोनवर घेतली होती आणि ती अर्ध्या मिनिटात संपत होती. पाहुणे मुंग्यांसारखे धावत येत, नवरदेव पिवळा होई, पाहुणे धावत जात. अण्णांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली आणि चष्मा काढला.

"हद्द बरोबर आहे हो. पण तुम्ही फोनमध्ये भलतंच बटण दाबलंत. फार लांब लांब पावलं टाकत चाललात. मधली जमीन मोजलीच नाही."

"मंग मधला कुठं हाय?" केटरर म्हणाला.

"कुठेच नाही."

"आसा कसा? माझी मावशी नाचली व्हती मधे!"

"नाचली असेल. नकाशावर नाही." आणि कुणाच्या तेराव्याला गेल्यासारखे ते त्या माणसाशेजारी गप्प बसून राहिले. मग त्याला गुळाचा चहा दिला. मावशी जिवंत होती, तरी.

हा उद्योग त्यांनी सुरू केला तो स्वतःच्या निरोपसमारंभापासून. तो व्हिडिओ अण्णांच्या गळ्यात हार पडता पडताच थांबत असे. "माझ्या निरोपाचंच क्षेत्र कमी भरलं, बाई! मोजणी खात्यातला माणूस मी, कसं सहन करणार?" पुतण्याने दिलेल्या संगणकावर खटपट करून त्यांनी बाकीचा भाग शोधून काढला.

"काय निघालं त्यात?" मी विचारले.

"साहेबांचं भाषण." अण्णांनी थोडा विचार केला. "नसतं निघालं तरी चाललं असतं."

गल्लीतले लोक त्यांना हसत. त्यांच्या खुर्च्यांना अधिक हसत. व्हिडिओ दुरुस्त करून घ्यायला कुणाची ना नव्हती, पण परक्याच्या नातवाचे जावळ शेवटच्या केसापर्यंत बघायला कुणाला वेळ आहे? अण्णा दुरुस्तीचे काही घेत नसत, म्हणून बिचारे बसत. मीही बसू लागले. का, ते मला तेव्हा सांगता आले नसते. दुपारी घर फार शांत असते, एवढेच.

मग माझ्यावरच वेळ आली.

खालापूरच्या पुढे एका गावात हिराबाई नावाची धवलारीण राहते. आमच्या या भागात काही घरांतली लग्ने अजून भटजीबरोबर धवलारीणही लावते. मांडव घातला जातो तेव्हापासून मुलगी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे असते, त्याला धवला म्हणतात. हिराबाईच्या गाण्यात सूप, उखळ, नदी, आंबा, कुळातले गेलेले पूर्वज, सगळ्यांना नावाने हाका मारून लग्नाला बोलावणे असते. तिचा आवाज करवंदीच्या जाळीसारखा आहे. हात घातला की आधी काटा लागतो, मग गोडी. दोन वर्षे मी तिच्या मागे होते, एकदा सगळे म्हणून दाखव, मी रेकॉर्ड करते. ती दोन्ही हात झटकून सांगे, "मांडव नाय, नवरी नाय, आन धवला म्हनू? उगाच म्हनला तर कुनाच्या घरात काय व्हईल, सांगतेस? मास्तरीन हायेस का कोन?"

बाहेरची लग्ने लावायला जाणे तिने वयामुळे सोडले होते. शेवटी तिच्याच नातीचे, मनीषाचे लग्न ठरले. घरातली ती शेवटची मुलगी. हिराबाईला मधले मधले आठवेनासे झाले होते. ते तिला कळत होते आणि मनीषाला त्याहून अधिक. आजीचे धवले शिकायची तिची फार इच्छा. पण मांडवाबाहेर शिकवायचे नाही हा नियम, आणि मांडवात नवरीने गायचे नाही हा दुसरा. "म्याडम, तुमी सगला घ्या," लग्नाच्या आदल्या दिवशी तिने माझा हात धरून सांगितले. "मंग मी तिकडं ऐकून ऐकून शिकेन."

मी मांडव-डेकोरेशनवाल्या हनीफभाईंना कॅमेरा लावायला सांगितले. खुर्च्या, पातेली, पंखे, कमानी या धंद्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. कॅमेरा मात्र त्यांनी नुकताच घेतला होता. मांडव, हळद, लग्न सगळे एकाच दिवशी होते; तो सकाळपासून तिपाईवर उभा होता आणि हिराबाई गात होती. हळदीचा, आंब्याच्या डहाळ्यांचा, तापलेल्या ताडपत्रीचा वास, आणि त्यावर तो आवाज. मी डोळे मिटून बसले होते. मला वाटले, माझ्या मांडीवर कुणी झोपलेले मूल आणून ठेवले आहे.

हनीफभाईंनी पाठवलेला पेन ड्राइव्ह मी घरी लावला. मांडव घालण्याचा धवला संपला, हळदीचे ताट आले, हिराबाईने तोंड उघडले आणि पडदा काळा झाला.

चप्पल न घालताच मी रस्ता ओलांडला.

"कागदावर किती?" अण्णांनी विचारले.

"सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत."

"जागेवर?"

"हळदसुद्धा नाही, अण्णा. आणि ती पुन्हा म्हणणार नाही. म्हणता येणारही नाही तिला. घरात आता लग्नाची मुलगीच नाही."

अण्णांनी हात चोळले नाहीत. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि एवढेच विचारले, "कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड कुठे आहे?"

कार्ड हनीफभाईंकडे होते, हनीफभाई खालापुरात एका बारशाला होते आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर होता. अण्णांनी फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. पलीकडून पाळण्याची गाणी, बायकांचा कलकलाट, वाट्यांचा आवाज.

"हनीफ! जैसे थे!"

"काय झालं अण्णा? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. कॅमेऱ्याला हात लावू नकोस."

"हात लावू नको कसं? बाळाला पाळण्यात ठेवतायत! कार्ड भरलंय म्हणून दाखवतोय, ते पुसायला घेतलं मी."

अण्णांचा आवाज एकदम बारीक झाला. "किती पुसलंस?"

"अजून नाही. 'सगळं पुसू का' विचारतोय. बोट ठेवलंय फक्त."

"उचल बोट."

"अण्णा, बाळाची आत्या माझ्याकडे बघतेय..."

"आत्याला सांग, सरकारी मनाई आहे. बारसं फोनवर घे. बोट उचललंस का?"

"उचललं बाबा, उचललं! या अल्ला, हात दुखला माझा."

आम्ही रिक्षा केली आणि चौक गावाच्या रस्त्याने निघालो. ऊन पांढरे झाले होते. कापलेल्या भाताची खोडे शेताशेतात उभी होती, आणि रस्त्याकडेला ठाकरवाडीतल्या बाया पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे विकत होत्या. माझे लक्ष घड्याळाकडे, आणि अण्णा मात्र दोन्ही बाजूंना बघून निकाल देत चालले होते. "ही फार्महाऊसची भिंत बघा. आत आलीय. हे दोघे भाऊ, बोलत नाहीत. ही विहीर सामाईक. त्या चिंचेवरून तर मी एकदा काठी खाता खाता वाचलो." सगळा तालुका त्यांना तळहातासारखा पाठ होता. रिक्षावाल्याने विचारले, "इकडचेच का तुमी?" तेव्हा ते बाहेरच बघत म्हणाले, "नोकरी इकडची."

बारशाच्या मांडवात हनीफभाई कॅमेऱ्यापासून हातभर दूर, दोन्ही हात पाठीशी बांधून उभे होते. बाळाच्या आत्याने त्यांच्याशी बोलणे टाकले होते. कार्ड हातात देताना ते मला म्हणाले, "बाई, बटण मी एकदाच दाबलं होतं. मग फाईलही एकच असणार ना? मला काय माहीत ती पोरं काढते!"

घरी येऊन अण्णांनी कार्ड लावले. पोटहिस्से तीन निघाले. पहिला आमच्याकडे होताच. दुसरा सुरू होताच हळदीचे ताट पुढे आले आणि हिराबाईचा अडलेला स्वर बाहेर पडला; माझ्या छातीवरचा अर्धा दगड उतरला. तिसऱ्यात मुलीच्या पाठवणीचा धवला होता, मनीषाला सर्वांत हवा असलेला. तो एकदा लुकलुकून संपला.

"वजन बघा," अण्णा पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "फाईल जड आहे, दुसऱ्या हिश्शाच्या जवळपास. आणि लांबी शून्य. म्हणजे माल आत आहे." त्यांनी हनीफभाईंना फोन केला. "शेवटी वीज गेली होती का रे?"

"वीज नाही गेली. प्लग गेला. कॅमेऱ्याची बॅटरी बसलेली, वायरवर चालला होता. मांडवात प्लग एकच. गाणं संपलं आणि वरातीला बेंजो पार्टी आली, त्यांनी कॅमेऱ्याचा काढला आणि आपला लावला."

मुलीच्या पाठवणीवर बेंजोने केलेले हे अतिक्रमण अण्णांनी डोळे मिटून ऐकून घेतले. मग मला समजावले. चित्रण थांबवताना कॅमेरा शेवटी एक अनुक्रमणिका लिहितो, कुठले चित्र कुठे आहे ते सांगणारी. प्लग निघाला, अनुक्रमणिका लिहायची राहिली. "नकाशा फाटलाय, जमीन शाबूत आहे. आता लगतच्या गटावरून खुणा काढायच्या. त्याच कॅमेऱ्याची धडधाकट फाईल शेजारी ठेवायची, तिचा साचा बघून हिची हद्द कायम करायची. असं करणारं सॉफ्टवेअर मिळतं."

पहिल्या प्रयत्नात पडदा शेवाळासारखा हिरवा झाला आणि डबक्यातले बेडूक ओरडावेत तसा आवाज आला. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. माझ्या मागे अण्णा स्वतःवरच चिडून पुटपुटत होते. "चूक माझी. मी हनीफने याच कॅमेऱ्यावर आधी घेतलेलं एका साखरपुड्याचं चित्रण शेजारी घेतलं. तेव्हा कॅमेऱ्याची मांडणी वेगळी होती. चुकीचा लगतधारक बोलावला मी. दुसरा हिस्सा घ्यायला हवा, सख्खा भाऊ."

खिडकीबाहेर उन्हाचा रंग उतरत होता. मी मागे वळून पाहिले नाही. आधी आवाज आला. तो करवंदीचा काटा. मग पायांत घुटमळणारी लेकरे दिसली, रडून सुजलेली मनीषा दिसली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून गाणारी हिराबाई. मी तिथेच खिडकीच्या गजाला कपाळ टेकले. गज तापलेला होता, तरी बरा वाटला.

मी हिराबाईला फोन करून सांगितले. ती म्हणाली, "सगला हाय? पाठवनी पन?"

"पाठवणी पण."

"बगू दे मंग. माझा मला बगू दे."

रविवारी दुपारी अण्णांच्या घरी बैठक भरली. हिराबाई आणि माहेरपणाला आलेली मनीषा रिक्षाने आल्या. हनीफभाईंनी प्रायश्चित्त म्हणून टेंपोतून लाल गादीच्या खुर्च्या आणल्या, कार्यालयात नवरानवरीला देतात तसल्या, आणि हिराबाईला त्यांतल्या एकीवर बसवले. तिने गादी दाबून पाहिली. "माझाच लगीन लावता का काय रं?"

व्हिडिओ सुरू झाला. मांडव, हळद, तेल. हिराबाई स्वतःकडे परकी बाई पाहावी तशी पाहत होती. मधेच म्हणाली, "ही म्हातारी बरी म्हनते." पाठवणी आली तेव्हा मनीषाचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता, नुसते ओठ. मधेच आजीकडे चोरून पाही आणि ते बंद करी. हिराबाईला ते दिसले. तिने पडद्याकडे पाहिले, मग नातीकडे, आणि तिच्या मांडीवर थाप मारून ती म्हणाली, "म्हन गं. मांडव हाय ना समोर? त्यातच म्हनतोय आपन."

मनीषा म्हणू लागली. आधी चाचपडत, मग पडद्यातल्या आजीच्या मागोमाग, एका ओळीचे अंतर ठेवून. जिथे ती अडे तिथे शेजारची खरी आजी शब्द पुढे सारी. मी कवितेच्या वर्गात पुष्कळ वर्षे काढली, पण असा वर्ग मला कधी मिळाला नव्हता. हनीफभाई उघडपणे डोळे पुसत होते. "वायर मी काढली नव्हती हां," ते मला हळूच म्हणाले.

संपल्यावर अण्णा उजेडात पुढे आले आणि हिराबाईने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिले. डोळे बारीक केले.

"तू मोजनीवाला ना रं? माझ्या आन दिराच्या बांधावर आल्ता तो?"

"आलो होतो," अण्णा म्हणाले. "बांध तुमच्या बाजूने बरोबर निघाला होता."

"बांध जाऊं दे. मे महिन्याचा उन व्हता. मी तांब्याभर पानी आन गूल घेऊन बांधावर आले. तू हात पन नाय लावला. 'नको' म्हनला आन गेला निघून. माझ्या जिवाला किती लागला! मी समजले, आमच्या हातचा चालत नाय याला. आजपत्तुर तेच समजले."

अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली.

"कुणाच्याच हातचं घेतलं नाही, हिराबाई. एका बाजूचं पाणी प्यायलो तर दुसरी बाजू म्हणते, साखळी वाकली. म्हणून नियमच केला होता. तालुक्यातल्या कुठल्याच घरात पाणी घेतलं नाही. कुणाच्या लग्नाला गेलो नाही, बारशाला गेलो नाही. सगळ्यांच्याच जमिनी सगळ्यांना लागून, मग कोणाकडे जाणार?"

"आरं मंग सांगायचा ना तवाच!"

"ते सुचलं नाही," अण्णा म्हणाले.

हिराबाई उठली. विचारल्याशिवाय ती आत स्वयंपाकघरात गेली. भांड्यांची धुंडाळणी ऐकू आली, माठावरचे झाकण वाजले, आणि पाण्याने भरलेला पेला घेऊन ती बाहेर आली. तो तिने अण्णांच्या छातीशी धरला.

"घे. तुझ्याच घरातला हाय. ना माझ्या बाजूचा, ना दिराच्या. आता तुझी साखली वाकत नाय."

अण्णांनी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्याउभ्या, न थांबता, सगळा प्यायले. हनुवटीवरून एक धार शर्टावर ओघळली, ती त्यांनी पुसली नाही. "बस? का आजून देऊं?" तिने विचारले, आणि सगळेच एकदम हसले. ते हसणे इतके मोकळे होते की गल्लीतल्या दोन-तीन खिडक्या उघडल्या.

दिवे लागायच्या आत मंडळी निघाली. मनीषाने पेन ड्राइव्ह पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. हनीफभाईंनी लाल खुर्च्या टेंपोत चढवल्या, हिराबाईला पुढच्या सीटवर बसवले, आणि टेंपो पुलाच्या दिशेने वळला. धुरळा खाली बसेपर्यंत अण्णा दारात उभे होते.

मी माझी पर्स उचलली. संगणक बंद झाला होता. कुणाचे लग्न, कुणाचे जावळ, बघायचे असे काहीच उरले नव्हते. कुठल्याही नियमाने मी आता लगतधारक नव्हते, पंचही नव्हते. मी चपला घालायला वाकले. मागे खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. अण्णांनी त्यांच्या जुन्या खुर्च्यांतली एक ओढून खिडकीशी, दुसरीच्या समोर आणून ठेवली होती. माझ्याकडे न पाहता, गादीवरची नसलेली धूळ झटकत, फार वर्षांत न वापरलेला शब्द असावा तसे ते चाचरत म्हणाले,

"बसा."